मोळीची किंमत, रानाचे मोल

अभयारण्य हा शब्द मोठा सुंदर आहे. मात्र हे अभय नेमके कोणाला, असे विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ साली तेथील सुमारे ८५ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. पायथ्याच्या पाड्यांवरील वारली, कातकरी भगिनी पिढ्यान्‌पिढ्या या रानातून पावसाच्या तोंडावर शेवळे, पुढे कंटोळी, उन्हाळ्यात करवंदे आणि बारमाही सुक्या काटक्यांची मोळी आणीत आल्या. काही घरात शिजते. उरलेले बाजारात विकून मीठ-मिरची येते. या देवघेवीची पावती कोणी फाडत नाही, म्हणून अर्थशास्त्राच्या तक्त्यांत तिला क्वचितच जागा मिळते.

अभयारण्यातून काढलेली वनोपज आसपासच्या लोकांच्या वैयक्तिक गरजेपुरती वापरता येईल, व्यापारासाठी नव्हे, असे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा म्हणतो. म्हणजे काटक्या स्वतःच्या चुलीत गेल्या तर ती गरज आणि त्याच विकून मीठ आणले तर तो व्यापार! मीठ ही गरज नव्हे काय?

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास अभ्यासले. निकराच्या गरजेपोटी दुसऱ्याच्या वस्तूतून आपली गरज भागवणे ही चोरी ठरत नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. आम्हांस तो पूर्णपणे मान्य आहे. परंतु या भगिनींना त्याचा आडोसा घ्यावा लागावा, हेच मुळी खटकते. दयेची सवलत त्याला द्यावी, ज्याचा त्या वस्तूवर हक्क नाही. ज्यांच्या आजे-पणज्यांनी हे रान वापरले आणि तरीही ते शिल्लक राहिले, त्यांचा हक्क नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ओल्या झाडावरही कोयता चालतो, हा आक्षेप खोटा नाही. पण जेथे सारेच बेकायदेशीर, तेथे सुके-ओले हा विवेक कोणी का पाळावा? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आणि अभयारण्ये त्यातून वगळली नाहीत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ते अभयारण्य नव्हे, हे खरे. पण जे रान आपले, त्याची राखण करावीशी वाटते, एवढे तेथे दिसते.

रानाची किंमत शासनाला करता येत नाही असे मात्र नाही. वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची झाल्यास हेक्टरी किती रक्कम भरावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरवून दिले: ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत, आणि अभयारण्यासाठी त्याच्या पाचपट. म्हणजे रान मोडताना हिशेब चोख! राखताना तो कोणी मांडत नाही. बिबट्याच्या भीतीने सांजेला दार लावणारे, कोंबड्या-बकऱ्या गमावणारे पाडे हे रान राखण्याची किंमत रोज मोजतात. आणि या डोंगराचे पाणी पेल्हारच्या धरणात उतरून शहराच्या नळांना येते. त्या पाण्याचे बिल आपण भरतो. पाड्यांच्या नावाचा एकही रकाना त्यात नाही.