शरणागताचे रक्षण आणि आपली ममता

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची ससा राखल्याची लीळा पंथात लहानथोरांस ठाऊक आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेल्यास मरणाच्या हाती द्यावे कसे, म्हणून स्वामींनी तो दिला नाही. निरूपण करताना आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु लीळा येथे संपत नाही. पारध्यांचे मन पालटले, भय सरले, तेव्हा स्वामींनी जानू उचलला आणि सशास जाण्यास सांगितले. तात्पर्य, रक्षणाची अंगे दोन आहेत: भय असेतो झाकणे आणि भय सरताच सोडणे. पहिले अंग दयेने साधते. दुसऱ्यास वैराग्य लागते.

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की या दुसऱ्या अंगाची परीक्षा होते. तोडणी चालू असता फडातील पाल्यात रानमांजराची, डोंगरकडेच्या शिवारात क्वचित बिबट्याचीही, पिल्ले आढळतात. माणसांच्या गलबल्याने मादी दूर गेलेली असते. पाहणाऱ्याचे अंतःकरण द्रवते. पिल्लू पोरके समजून तो ते घरी नेतो, दूध पाजतो, त्यास नाव ठेवतो. वस्तुतः ते पोरके नसते. आपली घाईच त्यास पोरके करते. म्हणून या कामातील जाणते स्वयंसेवक वनखात्याच्या साहाय्याने पिल्लू सापडल्या जागीच सायंकाळी ठेवतात आणि दुरून नजर राखतात. पुष्कळदा रात्री मादी येऊन पिल्लू तोंडात धरून नेते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही असा जीव जवळ ठेवण्यास मनाई आहे. तो हाती आल्यास ४८ तासांच्या आत कळवावे लागते.

येथे शंका अशी की, मादी आलीच नाही तर? पिल्लू उघड्यावर मेले तर तो दोष आपल्यास लागणार नाही काय? समाधान असे: दूर राहणे म्हणजे टाकून देणे नव्हे. जो थंडीत रात्रभर बांधावर जागतो त्याचा जानू अद्याप उचललेला नाही. मादी न आल्यास अथवा जीव जखमी असल्यास वनखात्यामार्फत पशुवैद्याचे साहाय्य घ्यावे, हेही रक्षणच. परंतु माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या माणसाचे भय विसरतो. त्यास पुन्हा रानात सोडणे फार कठीण. जुन्नर तालुक्यातील माणिकडोहच्या निवारा केंद्रात परत सोडता न येणारे बिबटे ठेवावे लागतात. तेथे त्यांची शुश्रूषा होते, पण रान त्यांस अंतरलेच.

दुसरी शंका: पशुयोनीतील जीव ज्ञानाचा अधिकारी नाही, मग त्यास राखून काय साधते? उत्तर हेच की, उद्धार करणे हे परमेश्वराचे कार्य. ते आपल्याकडे कधीच नव्हते. ससाही स्वामींकडे ज्ञान मागण्यास आला नव्हता, प्राण राखण्यास आला होता, आणि तेवढ्यासाठीच स्वामींनी त्यास जानूखाली घेतले. आपल्याकडे अहिंसेचा आचार तेवढा आहे. त्यात ‘मी वाचविले, म्हणून हे माझे’ असा भाव शिरला की रक्षणाचे बंधन होते. आणि हे बंधन त्या जीवाइतकेच आपल्यासही जडते.

म्हणून येत्या हंगामात फडात पिल्लू दिसल्यास सद्भक्तांनी प्रथम हात आवरावा, मग वनखात्यास कळवावे, आणि मादी येईतो दूर बसून नामस्मरण करावे. जाणाऱ्या जीवामागे मन गेले नाही, तर समजावे की ती लीळा आपण पूर्ण वाचली.

दंडवत प्रणाम.