पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा योद्धा

जपानी ॲनिमेवर बेतलेले, हातात मावणाऱ्या यंत्रांवरचे लढाईचे खेळ २००४ ते २०१० या काळात ऐन भरात होते. २००४ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर ‘ड्रॅगन बॉल झी : सुपरसॉनिक वॉरियर्स’ आला, २००५ मध्ये निन्टेन्डो डीएसवर ‘जम्प सुपर स्टार्स’, आणि २००६ मध्ये प्लेस्टेशन पोर्टेबलवर ‘शिन बुडोकाई’. ‘नारुतो’ आणि ‘ब्लीच’ यांचेही खेळ याच काळातले. भारतात ही यंत्रे महाग असल्यामुळे थोड्याच घरांत पोहोचली. पुढे २०१२ मध्ये पीपीएसएसपीपी हे सॉफ्टवेअर निघाले आणि प्लेस्टेशन पोर्टेबलचे खेळ अँड्रॉइड फोनवर चालू लागले.

या खेळांत घाव बसला की पडद्यावरची शक्तीची पट्टी कमी होते. ती संपली की योद्धा कोसळतो आणि पुढच्या डावात पुन्हा ताजातवाना उभा राहतो. जीव कोणाचाच जात नाही. अशा मारण्यात पाप आहे का, हा प्रश्न मोबाइलपेक्षा हजार वर्षांनी जुना आहे.

सोमदेवसूरींनी ९५९ साली राष्ट्रकूटांच्या काळात ‘यशस्तिलक’ लिहिले. त्यातला राजा यशोधर जैन संस्कारांमुळे प्राण्याचा बळी द्यायला तयार होत नाही. आईचा आग्रह मात्र सुटत नाही. शेवटी पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापायचा, अशी तडजोड होते. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही त्या एका कृत्यापायी आई आणि मुलगा दोघांना पशुपक्ष्यांच्या योनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागतात. जैन परंपरेतली कालसौकरिक कसायाची कथा याच्याही पुढे जाते. श्रेणिक राजा त्याची हत्या थांबावी म्हणून त्याला एक दिवस विहिरीत ठेवतो, तर तो तिथे मातीचे रेडे करून तेच मारत बसतो. त्याचे कर्म टळले नाही, असा निवाडा त्या कथेत आहे.

या कथांमागे काटेकोर विचार आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र येतात : प्राणाला होणारी इजा आणि ती करणाऱ्याचा प्रमाद, म्हणजे बेसावध, विकारवश वृत्ती. कुंदकुंदाचार्य या दोहोंपैकी प्रमादालाच अधिक वजन देतात. त्यांच्या मते जीव मरो वा न मरो, प्रमादी माणसाला हिंसा लागतेच. सावधपणे वागणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला, तर मात्र तेवढ्याने कर्माचा बंध पडत नाही. ‘खेळात कोणी मेले नाही’ एवढ्या एका उत्तराने खेळणारा या कसोटीतून सुटत नाही. बोटे बटणांवर असताना मनात काय चालले आहे, हे पाहावेच लागते.

ते पाहिले तर चित्र बऱ्यापैकी दिलासा देणारे आहे. ‘जम्प सुपर स्टार्स’मध्ये मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, पानावरच्या चौकटी जुळवून आपला संच बांधावा लागतो. छोट्या चौकटीतले पात्र नुसती मदत करते, मोठ्या चौकटीतले स्वतः लढते, आणि जागा मोजकीच असते. मुरलेल्या खेळाडूचे चित्त जागेच्या या हिशेबात, समोरच्याची चाल ओळखण्यात आणि घाव चुकवण्याच्या नेमक्या क्षणात गुंतलेले असते. यशोधराच्या संकल्पात वध होता, पिठाचा आकार केवळ आडोसा होता. इथे संकल्प डावाचा आहे. हरल्याच्या संतापात फोन आपटणारा आणि पुढच्या डावात समोरच्याला चिरडायचे ठरवणारा मुलगा मात्र कालसौकरिकाच्या विहिरीजवळ आलेला असतो. खेळ तोच राहतो, बदलते ती वृत्ती.

लढताना कुठे थांबायचे, या मर्यादेचा विचार ॲनिमेच्या मूळ कथेनेही केला आहे. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ या मंगामध्ये (१९८४–१९९५) तेंकाइची बुडोकाई ही मोठी युद्धकला-स्पर्धा आहे. तिथे प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकलले की जिंकता येते. त्याचा जीव घेतला तर मारणाराच बाद होतो. गोकू या नायकाचे मूळ चिनी कादंबरीतल्या सुन वुकाँग या वानरात आहे, आणि हा वानर ज्या भिक्षूचा सोबती, तो ह्युएनत्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, खरोखरच महाराष्ट्रात आला होता. इथली माणसे सूड घ्यायला निघाली तरी शत्रूला आधी कळवतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. लढाईला मर्यादा घालण्याची ही रीत या भूमीला परकी नाही.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठी बोलणाऱ्या मुलुखात खेळातल्या मारण्यात पाप आहे का, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा भाग छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार भरते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पांढुर्णेकर झेंडा काढायला पुढे सरकतात, सावरगावकर दगडांनी त्यांना अडवतात, आणि झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. दोन गावांतल्या प्रेमी जोडप्याचा नदीत दगडांनी अंत झाला, त्याची ही आठवण, अशी आख्यायिका सांगतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आणि आजवर अनेकांचे जीव गेले आहेत.

‘मनात वैर नसते, दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सोयरे’ हे गोटमारीचे समर्थन खोटे नाही. दोन्ही तीरांवर नातीगोती आहेत आणि देवीवरची श्रद्धाही खरी आहे. परंतु गर्दीवर भिरकावलेला दगड कोणाच्या डोळ्याला लागेल हे फेकणाऱ्याला दिसत नाही, आणि न पाहता केलेली कृती हाच तर प्रमाद. शिवाय इथे प्राणाला इजाही आहे. तत्त्वार्थसूत्राच्या व्याख्येतली दोन्ही अंगे इथे भरतात. पडद्यावरच्या खेळात फार तर एक.

प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते नाकारले आणि पुन्हा दगड हाती घेतले. चेंडूने खेळलेली गोटमार देवीला पावणार नाही, ही त्यामागची भावना. तिचा मान ठेवूनही एवढे म्हणावे लागते, की बदली वस्तू अर्पण करणे ही धर्माचीच जुनी वाट आहे. बळीच्या जागी कोहळा कापण्याची पद्धत मराठी मुलुखात रुळलेली आहे, आणि मध्वाचार्यांच्या परंपरेत यज्ञासाठी पिठाचा पशू मान्य झाला. जैनांनी पिठाच्या कोंबड्यावर घेतलेला आक्षेप गंभीर आहे, पण तो वधाच्या संकल्पावर आहे. गोटमारीत वधाचा संकल्प नाही, असे खेळणारेच सांगतात. मग दगड टाकून चेंडू घेण्यात त्यांचे व्रत मोडत नाही, आणि यशोधराचा दोषही त्यांना लागत नाही.