रक्ताचा कौल

भैरवगढात राहणाऱ्या माणसाला मरणाचे नवल उरत नाही. सिद्धवटाच्या घाटावर पिंडदानासाठी कुणी ना कुणी आलेले असतेच. तरीही २०२१ च्या वैशाखात आपल्या घरांत एक नवी भीती शिरली. सी.आर.पी., डी-डायमर ही नावे शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीबाईंनाही पाठ झाली. बाहेर ‘खून की जाँच’ म्हणावे, घरात रक्ततपासणी. आकडा चढला की चूल थंड.

या आकड्यांना अर्थ आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पेशींना प्राणवायू अपुरा पडू लागला की रक्तात लॅक्टेट साचते. ते एकदाच मोजून फारसे कळत नाही. काही तासांनी उतरते की चढते, यात खरी मेख आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेली ‘सोफा’ ही गुणपद्धती शरीराच्या सहा संस्थांना शून्य ते चार गुण देते. त्यांतले बिलिरुबिन, क्रिएटिनीन आणि प्लेटलेट रक्तातूनच मोजतात. ब्रुसेल्स येथील ३५२ रुग्णांच्या अभ्यासात २००१ साली असे आढळले, की पहिल्या ४८ तासांत हे गुण वाढले तर निदान निम्मे रुग्ण दगावतात. (गुण वाढले म्हणून रडायचे, ही गोष्ट आम्हा मास्तरांना नवीच!) पण जगणाऱ्यांत आपला माणूस आहे की नाही? ते आकडा सांगत नाही.

भाकिताची हौस आपल्याकडे जुनी. अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त आयुर्दायाचा स्वतंत्र अध्याय घातला. चरकसंहितेचे इंद्रियस्थान तर मरणचिन्हांसाठीच आहे. वैद्याने न विचारता मरण सांगू नये, असे तेथे म्हटले आहे. आणि ती चिन्हे दिसतात त्याच्या उपचाराच्या भरीस पडू नये, असेही. या दुसऱ्या आज्ञेपाशी मी थबकतो. उपचार थांबले तर रोगी जाणार आणि भाकीत खरे ठरणार. ते मुळात खरे होते की आपण खरे केले, हे मग कोण तपासणार? शाळेत हेच चालते. सहामाहीत नापास झालेल्या मुलाला मागच्या बाकावर बसवायचे, त्याला प्रश्न विचारणे सोडायचे आणि वार्षिक निकालाच्या दिवशी म्हणायचे, ‘मी सांगत नव्हतो?’

उलट बाजूही आहे. गुण दिवसेंदिवस चढत असताना ‘काहीही करा, डॉक्टर’ म्हणत शेत विकायला निघालेला मुलगा आपण पाहिलेला आहे. त्याला कुणी काही न सांगणे ही दया नव्हे. तेव्हा चरकाची पहिली आज्ञाही आज जशीच्या तशी पाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली. तीतही उपचार थांबवायचे ते डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या मताने आणि नातलगांच्या संमतीने. प्रयोगशाळेच्या कागदाने नव्हे.

रुग्णाच्या उशाशी बसलेल्याने म्हणूनच ‘वाचतील का?’ एवढेच विचारून थांबू नये. काल किती होते, आज किती आहे, आणि आणखी दोन दिवस सगळे उपचार करून परवा काय दिसले तर तुम्ही आम्हांला थांबा म्हणाल, हे डॉक्टरांना विचारावे.