वाट दाखवण्याचं ऋण

माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो, असं आपली परंपरा सांगते: देवांचं, पितरांचं आणि ऋषींचं. यातलं ऋषिऋण शिकल्यानं आणि शिकलेलं पुढं दिल्यानं फिटतं. पण ज्या व्यवस्थेनं हे सांगितलं, तिनंच बायांना अध्ययनापासून लांब ठेवलं. त्यामुळे या हिशेबात त्यांचं नावच लागलं नाही. आज लोह्याची मुलगी एसटीनं नांदेडच्या कॉलेजला जाते. ती शिकून नोकरीला लागली की हे ऋण तिच्याही नावावर चढतं. मागून येणाऱ्या मुलीला वाट दाखवणं ही त्याची फेड आहे. त्याला उपकार म्हणणं मला चुकीचं वाटतं.

या सोबतीची गरज कुठं पडते ते बघा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकारनं २०२४ साली माफ केलं. निर्णय चांगलाच आहे. पण त्याच्यामागं उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आधारला जोडलेलं बँक खातं अशी रांग लागते. एक कागद राहिला की अर्ज परत येतो. ज्या घरात कॉलेज कुणीच पाहिलेलं नाही, तिथं अर्ज परत आला म्हणजे आपल्याला नाही म्हणाले, असंच वाटतं. दोन वर्षं पुढं असलेली ताई सांगू शकते की नुसता दाखला जुना झालाय, नवा काढ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अभियांत्रिकीच्या १५० विद्यार्थिनींवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वरच्या वर्गातल्या मुलीची सोबत मिळाली, त्यांच्यातल्या एकीनंही पहिल्या वर्षी शाखा सोडली नाही. टिकून राहण्याचा संबंध चांगल्या मार्कांशी नव्हता, 'ही जागा आपलीही आहे' या भावनेशी होता. आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनासाठी मेंटॉरमागे किती विद्यार्थी, याचं प्रमाण कॉलेजं भरून देतात. पण आकडा भरला म्हणून सोबत मिळाली असं होत नाही.

जिच्यात जिद्द आहे तिला कुणाचा हात लागत नाही, असं म्हणणारे बहिणाबाईंचं नाव घेतील. वेरूळजवळच्या देवगावच्या या संत कवयित्रीला तुकोबांचा उपदेश स्वप्नात झाला. पण स्वप्नातच का? नवऱ्याचा मार आणि जातीची भिंत यांमुळे जागेपणीचा रस्ता बंद होता म्हणून, असं मी समजतो. जिद्द तिच्याकडे अपार होती, तरीही तिला गुरू हवाच होता. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: गुरू केला की शरण जावं लागतं, मग मुलीची स्वतःची बुद्धी कुठं राहिली? याचं उत्तर शोधायला नांदेडच्या बाहेर जावं लागत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथंच गुरुगादी ग्रंथाला दिली; देहधारी गुरूंची परंपरा तिथं थांबली. त्या निर्णयाचा धार्मिक अर्थ फार मोठा आहे. मी त्यातून एवढंच घेतो की मार्गदर्शन माणसाच्या पायाशी बांधलेलं असावं लागत नाही, ते सगळ्यांपुढं उघडं ठेवता येतं. ताईनं सांगितलेलं मुलीला पडताळता यावं आणि नाकारताही यावं. जिथं नाकारता येत नाही, तिथं ती सोबत राहिलेली नसते.

लोहा-कंधारच्या शाळांत, बँकांत, दवाखान्यांत, तहसीलमध्ये ज्या बाया आज नोकरीला आहेत, त्यांना एकच विनंती: यंदा निकाल लागला की आपल्या गल्लीतल्या बारावी झालेल्या एका मुलीबरोबर सेतू केंद्रापर्यंत जा.