दया आणि चिठ्ठी

रुग्णाचा उपचार जणूं चिठ्ठी टाकून ठरवावा, हें कित्येकांस निर्दयपणाचें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. पक्षाघात झालेल्यास २४ तासांच्या आंत वारंवार उठवून बसविलें, चालविलें, तर तो लवकर सावरेल, असा अनेक वैद्यांचा विश्वास होता. ५ देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांची दैवयोगानें वांटणी करून तो पारखला गेला. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तीन महिन्यांनंतर फारसें अपंगत्व न उरलेले रुग्ण नेहमीच्या शुश्रूषेंत शेंकडा ५०, तर या तांतडीच्या उपचारांत शेंकडा ४६ होते. पारख झाली नसती, तर ही हानि दयेच्याच नांवाखालीं चालू राहिली असती. आपलें अज्ञान रोग्यास वा त्याच्या आप्तांस सांगून, त्यांच्या संमतीनें तें दूर करूं पाहणें, हाच येथें खरा दयाधर्म होय.