रात्री दोन वाजता काय उघडं असतं?

कायद्याच्या हिशेबाने नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं केव्हाच चोवीस तास उघडी झाली आहेत. महाराष्ट्राचा 2017चा दुकाने व आस्थापना कायदा त्या वर्षीच्या 19 डिसेंबरला लागू झाला. परमिट रूम, बार असे अपवाद सोडले तर वर्षाचे 365 दिवस, रात्रंदिवस शटर वर ठेवायची मुभा मिळाली. कामगाराला आठवड्याची सुटी द्या, रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती घ्या आणि सुरक्षेची सोय करा, अशा अटी आहेत. तरीही पोलिसांची गाडी येऊन 'चला, बंद करा' म्हणतच राहिली, इतकी की ऑक्टोबर 2025मध्ये सरकारला पुन्हा आदेश काढून हेच सांगावं लागलं.

आणि तरी, सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईत मध्यरात्री गाय आडवी पसरलेली दिसते. दोष पोलिसांचा एकट्याचा नाही. आपल्याकडे दुकान म्हणजे घर. सकाळी बाप गल्ल्यावर, दुपारी आई, संध्याकाळी मुलगा. रात्रपाळीला चौथं माणूस आणायचं कुठून? आणलं तरी दोन वाजता साडी घ्यायला कोण येणार? परवानगी सरकार देऊ शकतं, गिऱ्हाईक देऊ शकत नाही.

मुंबईची गोष्ट तरी काय वेगळी आहे? जानेवारी 2020मध्ये तिथे मॉल आणि गिरण्यांच्या आवारातली हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायचा गाजावाजा झाला. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. पण जी मुंबई कधी झोपत नाही म्हणतात, तिची लोकल साधारण एक ते चार झोपतेच. अडीचला टेबलं पुसून सुटलेल्या पोऱ्याने कल्याणला जायचं कसं, याचं उत्तर त्या योजनेत नव्हतं. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे मात्र खरोखर रात्रभर धावते. कोरोनाच्या काळात ती वर्षभर रात्रीची बंद ठेवावी लागली, तेव्हा कळलं की ती मौजमजा करणाऱ्यांपेक्षा सफाई कामगारांची आणि परिचारिकांची गाडी आहे.

आमच्या जिल्ह्यांतली रात्र जागी आहे ती शहराबाहेर. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाराला मोटार चालू करून हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन निघतो. साप, विंचू, रानडुकरं ही त्याची सोबत. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषिवाहिनीची योजना 2017पासून आहे, पण रात्रीची दारं धरणं अजून संपलेलं नाही. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याची चिमणी विझत नाही, आणि भरायला गाडी फडात कधी लागेल याचा नेम नसल्याने टोळीतल्या बाया अपरात्री मोळ्या डोक्यावर घेतात. यांना कोणी 'नाइट लाइफ' म्हणत नाही.

शहरात रात्रीचा धंदा कोणी खरा ओळखला असेल तर तो लातूरच्या अभ्यासिकांनी. ट्यूशन एरियात '24 तास अभ्यासिका' अशा पाट्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. दोन वाजता वर पाहा, ट्यूबलाइट चालू असते, खाली सतरा वर्षांच्या मुलांच्या चपलांची रांग. लातूर पॅटर्नचं कौतुक मलाही आहे. पण पोरांची झोप महिन्याच्या फीवर विकत घेणारं शहर स्वतःला प्रगत म्हणवत असेल तर मी तरी मान डोलावणार नाही.

म्हणून मोजमाप बदलायला हवं. किती शटर वर आहेत हे सोडा. पैसे नसलेल्या, ओळख नसलेल्या माणसाला दोन वाजता काय मिळतं ते पाहा. नांदेडच्या विष्णुपुरीतलं सरकारी रुग्णालय कधी बंद नसतं. तरी 2023च्या 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबरदरम्यान तिथे 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. दार उघडं असणं आणि आत डॉक्टर, परिचारिका, औषध पुरेसं असणं, यांतलं अंतर एवढं असतं. लातूरचा नळ तर दाराइतकाही उघडा नसतो. 12 एप्रिल 2016ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली, तेव्हा देशभर बातमी झाली. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, ते मात्र लोक विसरले. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. पाणी मोजून दिलं, मीटर लावले, गळती थांबवली. तिथे कोणी चमत्कार केला नाही.

या मापाने नांदेडात पास होतं ते एकच ठिकाण, गुरुद्वारा. हजूर साहिबला पहाट व्हायच्या कितीतरी आधी गोदावरीचं पाणी घागरीने येतं आणि दिवस सुरू होतो. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस उशिरा आली म्हणून कोणी उपाशी निजत नाही, आणि पंगतीत बसणाऱ्याला जात, गाव, खिसा कोणी विचारत नाही. हे सेवेच्या परंपरेने चालतं. महापालिकेला ती परंपरा उसनी घेता येणार नाही, पण तिचा नियम घेता येईल: आधी भुकेल्याची सोय, मग बाजाराची.

दोन्ही महापालिकांना मागणं फार मोठं नाही. रात्री कोणतं मेडिकल उघडं राहील त्याची पाळी ठरवा आणि यादी सरकारी दवाखान्याच्या दारावर लावा. रात्रीच्या रेल्वेने आणि एसटीने उतरणाऱ्यांसाठी एक तरी शहर बस ठेवा. स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा. एवढं होईपर्यंत शॉपिंग मॉल दहाला बंद झाला तरी चालेल.