रक्तावरची माती

एका जुन्या सकाळपासून आरंभ करतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी माझे आजोळ होते. एका पहाटे ओळखीचा एक शिकारी भेकराची मांडी पळसाच्या पानांत गुंडाळून घेऊन आला. आजीने त्याला पायलीभर तांदूळ मोजून दिले. अंगणात रक्ताचे चार थेंब सांडले होते, त्यांवर मामांनी पायाने माती ओढली. फॉरेस्ट गार्ड त्याच वाटेने जात असे आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होऊन तोवर काही वर्षे लोटली होती. दुपारी आम्ही डोळे मिटून अन्नाबद्दल देवाचे आभार मानले आणि जेवलो. ते भेकर मादी होते व तिच्या पोटात पाडस होते, हे मला संध्याकाळी मुलांच्या बोलण्यातून कळले.

पुष्कळ वर्षांनी लेवीय पुस्तकाचा सतरावा अध्याय वाचताना मी तेराव्या वचनाशी थबकलो. खाण्यास योग्य असा पशू किंवा पक्षी ज्याने शिकारीत धरला, त्याने त्याचे रक्त जमिनीवर ओतून ते मातीने झाकावे, असा तेथे नियम आहे. मामांनी केले तेही हेच. मात्र मामांनी माती टाकली ती कोणी पाहू नये म्हणून, आणि नियमातील माणूस माती टाकतो ती कोणीही पाहत नसताना.

या नियमाची जागा लक्षात घ्या. गोठ्यातील बैल किंवा कळपातील मेंढरू कापायचे तर त्याच अध्यायात दर्शनमंडपाचे दार सांगितले आहे; तेथे याजक आहे, वेदी आहे, चारचौघे आहेत. रानात यांपैकी काहीच नसते. शिकारी एकटा, दमलेला आणि भुकेला असतो. अंधार पडण्यापूर्वी त्याला डोंगर उतरायचा असतो. अशा माणसाला शास्त्र सांगते की थांब, गुडघे टेक, हातात माती घे. हा जीव तुझा नव्हता, एवढे कबूल कर आणि मगच मांस उचल. शिकार हे पाप आहे असे शास्त्र म्हणत नाही. अनुवादातील भक्ष्य पशूंच्या यादीत हरणांच्या जाती आहेत, इसहाकाला एसावाने आणलेली शिकार प्रिय होती आणि शलमोनाच्या भोजनातही हरणे होती. मांस वर्ज्य करणाऱ्या बंधुभगिनींविषयी मला आदर आहे, परंतु त्यांच्या व्रताला शास्त्राची आज्ञा म्हणता येत नाही. रविवारी उपासनेनंतर मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहणाऱ्या आपण तर रानातल्या शिकाऱ्याकडे बोट दाखवूच नये. तो निदान मरणाऱ्या जिवाचे डोळे पाहतो.

मग चूक कोठे सुरू होते? या प्रश्नाशी आलो की मला नागालँडमधील खोनोमा आठवते. कोहिमाच्या पश्चिमेस डोंगरउतारावर वसलेले हे अंगामी नागांचे गाव. 1879 मध्ये इंग्रजांशी निकराने लढल्याबद्दल इतिहासात त्याचे नाव आहे. भोवती दाट जंगल असून त्यात सांबर, भेकर आणि ब्लाइद्स ट्रॅगोपान हा देखणा पक्षी यांची वस्ती आहे. घरात टांगलेल्या जनावरांच्या कवट्यांवरून घरधन्याची प्रतिष्ठा ओळखावी, अशी नागांची जुनी रीत. आज हा समाज बहुतांशी ख्रिस्ती, त्यातही मुख्यत्वे बॅप्टिस्ट आहे.

ख्रिस्ती होण्यापूर्वी या डोंगरांत गेन्ना नावाचे निषेध पाळले जात. ठरावीक दिवशी सारे गाव काम थांबवी. अमुक दिवशी शेतात जायचे नाही, तमुक दिवशी गावाबाहेर पडायचे नाही. अमेरिकन मिशनऱ्यांना त्यात भुताखेतांचे भय दिसले, आणि ते भय तेथे होतेही. सुवार्तेने लोकांना त्यातून सोडवले, ही आपण साक्ष म्हणून सांगतो. पण एक गोष्ट आपण क्वचितच बोलतो. भयाबरोबर थांबण्याची सवयही गेली आणि तिच्या जागी लेवीयातील मूठभर माती आपण कितीशी दिली? पुढे 1944 च्या कोहिमाच्या लढाईनंतर डोंगरांत शस्त्रे पसरली. ठासणीची बंदूक तर घरोघरी होतीच. रान मोकळे, दिवस मोकळे आणि हातात बंदूक! मोकळा झालेला माणूस कोठे थांबेल, हे त्याला कोण सांगणार?

कायदा सांगू शकला असता, पण तेथील प्रश्न साधा नाही. संविधानाच्या 371क या अनुच्छेदाने जमिनीच्या व तिच्यातील साधनसंपत्तीच्या मालकीबाबत नागांच्या रूढींना संरक्षण दिले आहे, आणि तेथील बहुतेक जंगल गावांच्या व कुळांच्या मालकीचे आहे. ज्याच्या रानात ज्याचीच बंदूक, त्याला बाहेरचा गार्ड किती अडवणार?

खोनोमाच्या जाणत्या माणसांनी ही गोष्ट गावापुढेच मांडली. विरोध झाला आणि तो अकारण नव्हता. शिकार हे तेथे अन्न होते, आप्तांना वाटायचा मान होता, मुलाला पुरुष म्हणून उभे करण्याची रीत होती. अखेर 1998 मध्ये गावाने स्वतःच्या मालकीच्या रानात अभयारण्य उभारले आणि गावाच्या हद्दीत शिकार बंद केली. मोडणाऱ्याला दंड, आणि पहारा गावच्याच तरुणांचा. ते लोक शाकाहारी झाले नाहीत. डुकरे आणि कोंबड्या आजही पाळल्या व खाल्ल्या जातात. त्यांनी एवढेच मानले की खाण्याची मुभा ही संपवण्याची मुभा नव्हे. याच गावात आल्डरचे झाड फांद्या छाटून वापरतात, मुळासकट काढत नाहीत. छाटलेल्या खोडाला पुन्हा धुमारे फुटतात आणि त्याच्या मुळांनी शेताचा कस वाढतो. झाडाविषयी जे वाडवडिलांना ठाऊक होते, ते हरणाविषयी शिकायला बंदुकीमुळे उशीर झाला, असे मला वाटते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी आज्ञा आहे: पिले घेतलीस तर घे, पण आईला सोडून दे. इतक्या लहानशा गोष्टीला तेथे दीर्घायुष्याचे वचन जोडले आहे. मला हे वचन वाचताना दर वेळी ते संध्याकाळचे बोलणे आठवते.

त्या शिकाऱ्याला मी पुष्कळ दिवस मनात दोषी धरले. त्याची जमीन खडकाळ होती, पावसाळ्यात त्याच्या घरी धान्य नसे, हे मला नंतर उमगले. त्याने रानात रक्त झाकले की नाही, मला ठाऊक नाही. मात्र त्याच्या बंदुकीतल्या दारूचे पैसे आजीने मोजलेल्या तांदळातून निघत होते, आणि ती पायली त्या सकाळी मीच आत जाऊन आणून दिली होती.